यादीतली देवनागरी नावं पुन्हा पुन्हा का तुटतात? कट, टीआर, प्रिंटएफ आणि लोकेलची दुरुस्ती

इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयाचं बरंचसं काम उबुंटूवर, छोट्या छोट्या बॅश स्क्रिप्टांनी चालतं. सभासदांची यादी, दिवाळी अंकांची देवघेव, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या, सगळं देवनागरीत. या स्क्रिप्टांची देखभाल मी करतो. एक तक्रार तिथे दर काही महिन्यांनी परत येते, आणि खजिनदार काका ती जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात: "अरे, परवा तर नीट निघालं होतं, आज परत तेच!"

"तेच" म्हणजे नावाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. कधी रकाने वाकडेतिकडे. कधी ग्रेप ही शोधण्याची आज्ञा सांगते की ही बायनरी फाइल आहे, आणि निम्मी यादी गायब. कधी फाइलच्या नावाजागी ३४० २४४ अशा आकड्यांची रांग. वरवर ही चार वेगळी दुखणी दिसतात आणि प्रत्येकाला वेगळी मलमपट्टी केली जाते, म्हणूनच ती परत येतात. मुळाशी गोष्ट एकच आहे: साखळीतली प्रत्येक आज्ञा लांबी मोजते, पण प्रत्येकीचं मोजण्याचं एकक वेगळं असतं. हे एकक कळलं की दुरुस्ती अवघड नाही.

आज्ञांची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.

सगळ्यात आधी ही तपासणी

स्क्रिप्ट उघडण्याआधी टर्मिनलवर प्रिंटएफने फक्त "श्री" हा शब्द छापा आणि तो पाइपने मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसीकडे पाठवा. एकदा डॅश सी लावून, एकदा डॅश एम लावून.

डॅश सी बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, आणि "श्री"मध्ये चिन्हं चार: श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. त्यामुळे उत्तर १२ आलं पाहिजे, आणि ते नेहमी १२च येतं. डॅश एम चिन्हं मोजतं, तिथे ४ यायला हवेत. तिथेही १२ आले तर थांबा. तुमच्या सत्राला यूटीएफ-८ कळतच नाहीये, लोकेल, म्हणजे भाषा आणि चिन्हांची पद्धत ठरवणारी मांडणी, पडलेलं आहे. अशा वेळी बाकीच्या आज्ञांशी झगडण्यात अर्थ नाही. सरळ खालच्या लोकेलच्या भागाकडे जा.

तिसरं मोजमापही करून बघण्यासारखं आहे. डब्ल्यूसीला डॅश मोठा एल दिला की ओळ पडद्यावर किती रकाने घेईल ते कळतं. "श्री"ला तिथे ३ मिळतात, कारण जीएनयू सी लायब्ररी, म्हणजे या आज्ञांच्या मुळाशी असलेला कोड, हिच्या हिशेबात हलन्ताला जागा शून्य आणि ईकाराला एक. म्हणजे एकाच शब्दाची लांबी १२, ४ आणि ३, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला अक्षर मात्र एकच. यातलं कुठलंही उत्तर चूक नाही. आपण कुठलं मागितलं आणि आज्ञेने कुठलं दिलं, या दोहोंतल्या फरकातून आपली तक्रार जन्माला येते.

कट डॅश सी: सर्वांत मोठा गुन्हेगार

लेबलावर नाव मावत नाही म्हणून कोणीतरी लिहून ठेवतं: कट डॅश सी, १ ते २०. डॅश सी म्हणजे चिन्हं, असं पाठ्यपुस्तकात असतं. पण आमच्या यंत्रांवर उबुंटू २२.०४ आणि २४.०४ आहेत, म्हणजे कट, टीआर, सॉर्ट अशा मूळ आज्ञांचा जीएनयू संच कोअरयुटिल्स, ८.३२ आणि ९.४. त्यांत डॅश सी आणि डॅश बी यांत काहीच फरक नाही, दोन्ही बाइटच कापतात. जीएनयूच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे: सध्या हे डॅश बीसारखंच आहे, आंतरराष्ट्रीयीकरण झालं की बदलेल. हे "सध्या" फार वर्षं चाललं आहे.

२० बाइटांत देवनागरीची ६ पूर्ण चिन्हं बसतात आणि सातव्याचे २ बाइट लोंबकळत राहतात. तेच ते काळं प्रश्नचिन्ह.

यावर एक लोकप्रिय उपाय आहे आणि तोच तक्रार परत आणतो: चिन्हांच्या आकड्याला तीनने गुणा. २० नको, दहा चिन्हांसाठी ३० लिहा, तीनने भाग जातो म्हणजे चिन्ह मधे तुटणार नाही. "देशपांडे", "ढोबळे", "फणसे" अशा एकशब्दी नावांवर हे सुंदर चालतं, सगळे खूश होतात. मग यादीत "रामराव काळे" येतात. "रामराव"चे १८ बाइट, मधल्या रिकाम्या जागेचा १, "काळे"चे १२, मिळून ३१. रिकामी जागा एकाच बाइटची असल्याने तीनचं गणित तिथून पुढे सरकतं, आणि ३० वर कापलं की शेवटची मात्रा मधोमध तुटते. नावात पूर्णविराम, इंग्रजी आकडा किंवा "डॉ." आला की असंच होणार. म्हणून "परवा नीट निघालं होतं" हे काकांचं म्हणणं अगदी खरं असतं. परवाच्या यादीत तशी नावं नव्हती.

आणखी एक सापळा. युनिक्ससारख्या प्रणालींच्या पोसिक्स मानकात कटला डॅश एन हा पर्याय आहे. डॅश बीसोबत तो दिला तर बहुबाइट चिन्ह मधे तोडायचं नाही, असा त्याचा अर्थ. जीएनयूचं कट तो स्वीकारतं आणि दुर्लक्षित करतं. चूक दाखवत नाही, काही बोलत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला वाटतं आपण काळजी घेतली आहे.

तुटलेलं चिन्ह नुसतं कुरूप दिसून थांबत नाही. ते साखळीत पुढे जातं. ग्रेपला ओळीत अवैध यूटीएफ-८ दिसलं की तो फाइलला बायनरी मानतो, आणि जुळलेल्या ओळी छापण्याऐवजी "बायनरी फाइल जुळते" एवढंच सांगतो. रामबागेतले सभासद शोधायला गेलं की यादी मधेच संपते आणि लोक ग्रेपला दोष देतात. अशा वेळी ग्रेपला डॅश ए लावून गप्प करू नका. आधी कुठे तुटलंय ते शोधा. आयकॉन्व्हला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला सांगा: फाइल शुद्ध असेल तर ती निमूट पार होते, नसेल तर कितव्या बाइटवर अडलं ते आयकॉन्व्ह सांगतं. त्या जागेच्या आधीची आज्ञा तपासा. बहुतेक वेळा तिथे कट बसलेलं असतं.

कटऐवजी काय

मी आता पर्ल ही भाषा वापरतो. पर्यायात डॅश मोठा सी, मग एस आणि डी (दोन्ही मोठे) दिले की पर्ल आत येणारा आणि बाहेर जाणारा मजकूर यूटीएफ-८च मानतं, लोकेल काहीही असो. हा फार मोठा फायदा आहे. त्यात डॅश पीई लावून बदलाचा नियम लिहायचा: ओळीच्या सुरुवातीपासून उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स, महिरपी कंसात १ ते १२, एवढं पकडा आणि उरलेलं टाका. हा मोठा एक्स म्हणजे युनिकोडचा अक्षरगट. "का" हा एक गट, "ळे" हा एक गट. मात्रा व्यंजनापासून कधी वेगळी होत नाही.

हेच ग्रेपच्या डॅश ओ आणि डॅश मोठा पी या जोडीनेही करता येतं, पण मी ते टाळतो. डॅश ओ रिकामी ओळ गिळून टाकतं. सभासदाच्या रकान्यात एखाद्याचा पत्ता रिकामा असेल तर ती ओळच नाहीशी होते, आणि पुढे पेस्टने रकाने जोडताना तिथून खालच्या प्रत्येकाला शेजाऱ्याचा पत्ता चिकटतो. ही चूक डोळ्यांना लगेच दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

अक्षरगटाचंही एक पथ्य पाळावं लागतं. वरच्या दोन्ही उबुंटूंमधल्या पर्लमध्ये जोडाक्षर हा एक गट नाही. "श्री"चे दोन गट होतात: हलन्तासह श, आणि री. "विश्वनाथ" दोन गटांवर कापलं तर "विश्" उरतं. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडने १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये घेतला. तो आपल्या रोजच्या अवजारांत झिरपेपर्यंत दुसरा नियम जोडा: कापल्यावर शेवटी हलन्त, म्हणजे युनिकोड ०९४डी, उरला असेल तर तो आणि त्याच्या आधीचं व्यंजन दोन्ही काढा. फक्त हलन्त काढू नका, नाहीतर "विश" असं भलतंच नाव तयार होतं.

खरं सांगायचं तर नाव कापणं हाच शेवटचा उपाय असावा. लेबल थोडं मोठं करा, अक्षराचा आकार लहान करा. माणसाचं नाव पूर्ण छापलं जावं, हा त्याचा हक्क आहे.

टीआर आणि आकडे

पावती क्रमांक कोणी "१२३" लिहितं, कोणी इंग्रजी आकड्यांत. बेरीज करायची तर देवनागरी आकडे इंग्रजी करायला हवेत. कोणालाही पहिलं सुचतं ते चिन्हाजागी चिन्ह बदलणारं टीआर: शून्य ते नऊ देवनागरी, तिकडे शून्य ते नऊ इंग्रजी. करू नका. टीआर फक्त एका बाइटची चिन्हं पूर्णपणे हाताळतं, आणि हेही त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. देवनागरी शून्याचे तीन बाइट आणि नऊचे तीन बाइट त्याला सुटे सुटे दिसतात. मधल्या डॅशमुळे त्यातल्या एका बाइटपासून दुसऱ्या बाइटपर्यंतचा अख्खा पट्टा बदलला जातो. त्या पट्ट्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइटही येतो. परिणामी आकडे तर बदलत नाहीतच, ओळीतली सगळी नावं मात्र उद्ध्वस्त होतात. मूळ फाइलवरच परत लिहिलं असेल तर प्रत काढून ठेवली होती का, एवढाच प्रश्न उरतो.

मजकूर बदलणाऱ्या सेडची वाय आज्ञा वापरा. पहिल्या भागात देवनागरी दहा आकडे ओळीने, दुसऱ्यात इंग्रजी दहा. यूटीएफ-८ लोकेलमध्ये ती अचूक चालते. लोकेल पडलेलं असेल तर सेड दोन्ही भागांची लांबी सारखी नाही म्हणून तक्रार करतं आणि थांबतं. काहीही बिघडवण्याआधी थांबणारी आज्ञा मला नेहमी जास्त भरवशाची वाटते.

वाकडे रकाने

बॅशच्या प्रिंटएफमध्ये "वीस जागांचा रकाना, डावीकडे टेकवून" असं लिहिलं तर या आवृत्त्यांत त्या वीस जागा बाइटच्या असतात. रोमन लिपीत लिहिलेलं "काळे" हे नाव ४ बाइटचं, त्याच्यामागे १६ रिकाम्या जागा पडतात. देवनागरी "काळे" १२ बाइटचं, त्याच्यामागे आठच. एकाच यादीत दोन्ही लिप्या असल्या की रकाने नागमोडी होणारच.

ओळीतले रकाने वेगळे करणाऱ्या ऑकची गंमत वेगळी आहे. डेबियन आणि उबुंटूवर ऑक म्हणून मुळात मॉक बसवलेलं असतं, आणि या आवृत्त्यांतलं मॉक बाइट मोजतं. त्याला "श्री"ची लांबी विचारली तर १२ सांगेल. त्याजागी जीएनयूचं ऑक, म्हणजे गॉक, बसवलं तर तोच प्रश्न, तीच ओळ, आणि उत्तर ४. एका संगणकावर कोणीतरी कधीतरी गॉक बसवलेलं असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि स्क्रिप्ट एकीकडे चालते, दुसरीकडे नाही. स्क्रिप्टमध्ये नुसतं ऑक न लिहिता गॉक असं स्पष्ट लिहा. नसेल तर स्क्रिप्ट तिथेच अडेल आणि कारण लगेच कळेल.

यातल्या त्यात चांगलं म्हणजे कॉलम डॅश टी. हे युटिल-लिनक्स या दुसऱ्या संचातलं आहे. करेल झाक ज्याची देखभाल करतात तो संच. कॉलम पडद्यावरच्या रुंदीचा हिशेब करतं, बाइटचा नाही. तरीसुद्धा देवनागरीत रकाना पूर्ण सरळ येईल याची खात्री नसते. कॉलमच्या हिशेबात "क्ष"ला दोन जागा मिळतात, कारण क आणि ष दोन व्यंजनं. पण टर्मिनल ते जोडाक्षर किती रुंदीचं काढेल हे टर्मिनल आणि फाँट ठरवतात. एका टर्मिनलमध्ये सरळ दिसलेला तक्ता दुसऱ्यात वाकडा दिसतो, आणि ही आज्ञेची चूक नसते.

माझं मत स्पष्ट आहे: छापायची यादी टर्मिनलच्या रकान्यांत बसवण्याचा हट्ट सोडा. मधे टॅब ठेवून फाइल बनवा आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा, किंवा स्क्रिप्टमधूनच एचटीएमएल तक्ता काढा. देवनागरीची जुळणी तिथे नीट होते. कॉलम फक्त स्वतःला झटकन नजर टाकण्यापुरतं.

कॉलमच्या निकालात नावांऐवजी उलटी तिरकी रेघ, एक्स आणि आकडे असा मजकूर दिसला, तर तो रुंदीचा प्रश्न नाही. एलएसमध्ये ३४० २४४ दिसणं हे त्याचंच भावंड: देवनागरी चिन्हाचे पहिले दोन बाइट, अष्टमान पद्धतीत. दोन्हींचं कारण पडलेलं लोकेल.

लोकेल: तिथे बसून चालतं, घरून नाही

भारत निवडून उबुंटू बसवलं की भाषेचं मूल्य बहुधा "ईएन_आयएन" असं पडतं, शेवटी यूटीएफ-८ हा प्रत्यय न लावता. त्या यंत्रावर याने काही अडत नाही, कारण जीएनयू सी लायब्ररीत ईएन_आयएन मुळातच यूटीएफ-८ आहे. मराठीचं एमआर_आयएनही तसंच. लोकेल डॅश ए च्या यादीत ते प्रत्ययाशिवाय दिसतं म्हणून काही कमी आहे असं समजू नका.

अडचण एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी जोडणी केली की, सुरू होते. डेबियन आणि उबुंटूवरचं एसएसएच तुमच्या लॅपटॉपवरचं भाषेचं मूल्य आपल्यासोबत पलीकडे नेतं. पलीकडच्या सर्व्हरवर ईएन_आयएन तयार केलेलंच नसेल तर ते मूल्य निरर्थक ठरतं. पर्ल निदान इशारा छापतं की लोकेल लावता आलं नाही. कोअरयुटिल्सच्या आज्ञा एक अक्षरही न बोलता सी लोकेलवर उतरतात, आणि तिथे प्रत्येक बाइट हेच एक चिन्ह. म्हणून ग्रंथालयात बसून चालवलेली स्क्रिप्ट उत्तम चालते आणि सुदामा नगरमधल्या घरून जोडणी करून चालवली की तीच बिघडते. कंटेनरमध्येही असंच: बहुतेक मूळ प्रतिमांत भाषेचं मूल्य ठेवलेलंच नसतं. क्रॉनने ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला तुमच्या टर्मिनलमधली मूल्यं मिळतील असंही गृहीत धरू नका.

उपाय एका ओळीचा. प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला एलसी_ऑल हे मूल्य स्वतः लिहा आणि एक्सपोर्ट करा. शब्द कापणं, शोधणं, मोजणं एवढंच असेल तर "सी.यूटीएफ-८" पुरेसं. ते डेबियनवर पूर्वीपासून आहे, आणि जीएनयू सी लायब्ररीने २०२२ मधल्या २.३५ या आवृत्तीत मूळ संचात घेतलं. मराठी क्रम हवा असेल तर एमआर_आयएन, पण त्याआधी ते यंत्रावर आहे का ते लोकेल डॅश ए ने बघा. त्याखाली "श्री"ची चाचणी टाका: डब्ल्यूसी डॅश एम चं उत्तर ४ नसेल तर स्क्रिप्टने संदेश देऊन थांबायचं. एवढं केल्यापासून आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी बंद झाल्या.

दिसायला एक, आत दोन

लोकेल बरोबर, कट काढून टाकलं, तरी "गोऱ्हे" शोधल्यावर एकच सभासद मिळतो आणि यादीत दोन दिसतात? हा वेगळा रोग. "ऱ्ह" दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, युनिकोड २००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच. ग्रेप आणि सारख्या ओळी गाळणारं युनिक यांना ते वेगळे शब्द वाटतात. "ॲ"चंही तेच: एकसंध चिन्ह, किंवा अ आणि चंद्र. एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाइलींत दुसरा प्रकार भरपूर सापडतो. "ॲड. गोऱ्हे" असं नाव असेल तर एकाच माणसाची चार रूपं होऊ शकतात.

युनिकोडचं प्रमाणीकरण इथे पूर्ण कामाचं नाही. ऱ आणि "र अधिक नुक्ता" यांना ते एक करतं, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा प्रकार त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून नोंद भरतानाच सेडचे दोन नियम लावा: र, हलन्त, जोडचिन्ह याजागी ऱ आणि हलन्त; अ आणि चंद्र याजागी ॲ. शंका आली की ओडीने त्या शब्दाचे बाइट सोळामान पद्धतीत पाहा. देवनागरीचे त्रिकूट ओळखीचे असतात, आणि ई२ ने सुरू होणारं एखादं मधे दिसलं की चोर सापडला. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या नावांत कधी न तुटणारी रिकामी जागाही येते. तिथे सी२ ए० असे दोन बाइट दिसतील. ऑक त्या जागेवर शब्द वेगळे करत नाही.

इंदुरात याला आणखी एक पदर आहे. इथल्या सरकारी कागदांवर नावं हिंदी लेखनाप्रमाणे असतात, म्हणून एकच सभासद वाचनालयात "काळे" आणि ओळखपत्रावर "काले", तसंच "होळकर" आणि "होलकर". ळचा सरसकट ल करून तुलना करावीशी वाटते. नोंदींवर तसं कधीच करू नका. जुळणीसाठी वेगळा रकाना ठेवा, त्यात ळचा ल केलेलं रूप असू द्या, आणि मूळ नाव सभासदाने लिहिलं तसंच राहू द्या. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे यंत्राने ठरवू नये, ग्रंथपाल काकूंना विचारावं.

क्रमाबद्दल थोडक्यात. सी आणि सी.यूटीएफ-८ मध्ये सॉर्ट युनिकोडच्या क्रमाने लावतं. तिथे ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो, वर्णमालेप्रमाणे ह नंतर नाही, आणि "ॲ"ने सुरू होणारी नावं पार शेवटी जातात. दुसरं लोकेल वापरलं तरी जीएनयू सी लायब्ररी बदलल्यावर क्रम बदलू शकतो. २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तो मोठ्या प्रमाणावर बदलला आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे मजकुरावरचे जुने इंडेक्स त्यामुळे चुकीचे ठरले. दोन फाइली ताडणारं कॉम आणि जोडणारं जॉइन यांना द्यायच्या दोन्ही फाइली म्हणूनच एकाच यंत्रावर, एकाच लोकेलमध्ये सॉर्ट केलेल्या असाव्यात.

सुधारणा कुठवर आल्या

कोअरयुटिल्समध्ये बहुबाइट चिन्हांचा आधार आणायचा, हे काम जुन्या योजनेत आहे. कोअरयुटिल्सची देखभाल करणारे पाद्रिग ब्रॅडी यांनी त्याचा आराखडाही मांडला. फेडोरा, रेड हॅट आणि सुसे या इतर लिनक्सवाल्यांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतःचं ठिगळ लावलं, ज्यात कट, सॉर्ट, युनिक, जॉइन, फोल्ड वगैरेंना बहुबाइट चिन्हं कळतात. म्हणून फेडोरावर तुमचं कट डॅश सी बरोबर चालेल आणि उबुंटूवर तुटेल. मित्राकडे चाललं म्हणून आपल्याकडे चालेल असं नाही, याचं हे कारण. त्या ठिगळाचे तोटेही होते: कोड दुप्पट, वेग कमी, आणि २०१३ मध्ये सॉर्ट, युनिक आणि जॉइन यांत त्यातूनच सुरक्षेची भोकं सापडली. मूळ प्रकल्पाने ते तसंच घेतलं नाही हे मला योग्य वाटतं. उशीर झाला, हेही तितकंच खरं.

मूळ प्रकल्पात काम तुकड्या-तुकड्याने सरकतं आहे. मार्च २०२४ च्या ९.५ मध्ये जॉइन आणि युनिक सुधारले, जॉइनला आता विभाजक म्हणून बहुबाइट चिन्ह चालतं. म्हणजे दंडाच्या चिन्हाने (।) तोडलेल्या नोंदी जोडता येतात. आमच्या ९.४ मध्ये नाही, एका आवृत्तीने हुकलं. कटला दंड विभाजक म्हणून दिला तर आमच्याकडे "विभाजक एकच चिन्ह असावं" असं ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे विभाजक म्हणून टॅबच ठेवा.

त्यात उबुंटू २५.१० पासून जीएनयूऐवजी रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेला कोअरयुटिल्स मूळ म्हणून येतो. नाव तेच, पर्याय तेच, आतला कोड संपूर्ण वेगळा. देवनागरीवर तो कसा वागतो हे गृहीत न धरता आवृत्ती बदलण्याआधी बघायचं.

त्यासाठी कसोटीची एक छोटी फाइल ठेवा. आमच्या फाइलमध्ये आहे: "श्री", "विश्वनाथ", "रामराव काळे", दोन्ही प्रकारचे "गोऱ्हे", दोन्ही प्रकारचे "ॲड.", एक रोमन नाव, देवनागरी आकडे, एक रिकामी ओळ आणि दंड असलेली एक ओळ. तिच्यावर सगळ्या स्क्रिप्ट चालवून निकाल साठवलेला आहे. आवृत्ती बदलली की पुन्हा चालवायचं आणि डिफने ताडून बघायचं. फरक दिसला तर तो बिघाडच असेल असं नाही. कटने अखेर चिन्हं मोजायला सुरुवात केली तरीही डिफ फरक दाखवेल, आणि तीनने गुणलेली एखादी जुनी ओळ कुठे उरली असेल तर तेव्हा नाव तिप्पट लांब येईल.

बिघाडच निघाला तर प्रकल्पाकडे कळवा. मात्रा-हलन्ताचा गुंता दाखवणारी देवनागरीची उदाहरणं कोअरयुटिल्सच्या माणसांना उपयोगी पडतील. कळवताना पाच गोष्टी द्या: आज्ञेची आवृत्ती, लोकेल आज्ञेचा पूर्ण निकाल, दिलेल्या शब्दाचे ओडीने काढलेले बाइट, मिळालेल्या निकालाचे बाइट, आणि काय मिळायला हवं होतं ते. पडद्याचं छायाचित्र नुसतं पाठवू नका, त्यात फाँटचा दोष आणि आज्ञेचा दोष वेगळा ओळखता येत नाही. कोणाचंही खरं नाव-पत्ता उदाहरणात घालू नका, "विश्वनाथ" पुरतो.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या याद्यांना यातलं काहीच लागू पडत नाही. त्या फाइलींत आत देवनागरी नसतेच. त्या आधी युनिकोडमध्ये आणा, मग "श्री"च्या चाचणीपासून सुरुवात करा.